पागे पेंटरांचा कोळशाचा वर्ग

यज्ञेश्वर पाग्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते झाशीच्या मानिक चौकात शिडीवर उभे राहून एका बांगडीवाल्याच्या पाटीवरचा 'चूड़ी'तला 'च' भरत होते. खाली त्यांची बायको शिडी धरून उभी होती. माझा चार वर्षांचा संभाजी हात सोडून पळायला लागला म्हणून मी त्याला मराठीत दटावलं, तशी ती बाई शिडी सोडून माझ्याकडे वळली.

"तुम्ही मराठी?"

"हो. साताऱ्याकडची."

"अहो, ऐकलंत का? ह्या साताऱ्याच्या आहेत."

"शिडी पकड, कांता," वरून आवाज आला. "साताऱ्याच्या असोत की सागरच्या, मी पडलो तर दोघींना उचलावं लागेल."

ही १९८६ ची गोष्ट. माझे यजमान जयसिंग पलटणीत हवालदार होते आणि आमची बदली नुकतीच झाशीला झाली होती. छावणीतल्या क्वार्टरमध्ये शेजारी सगळे हिंदी-पंजाबी बोलणारे. त्यामुळे महिन्याभरात मी पाग्यांच्या घरची झाले. मी त्यांना काका-काकू म्हणायचे. बाकी सगळा मोहल्ला त्यांना 'पागे भैया' म्हणे आणि शिकायला येणारे 'मास्टरसाहब'.

काकांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून घोडदळाबरोबर इकडे आले. घोडे गेले, आडनाव राहिलं. महाराष्ट्रात त्यांचं गाव कुठलं हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांची मराठी ऐकताना मला सुरुवातीला हसू यायचं. 'मला मालूम आहे', 'आज फुरसत नाही', असं चालायचं. पण कांताकाकू स्वयंपाकघरात शिरल्या की त्यांच्या तोंडून तसराळं, वेळणी असे भांड्यांचे जुने शब्द यायचे, जे मी फक्त माझ्या आजीकडून ऐकले होते. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली होती. ती माहेरी आली की आईची मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'यज्ञेश आर्ट्स'. ते कुणाकडे शिकले नव्हते. त्यांच्या तरुणपणी झाशीतले पेंटर रंग कालवताना पाठ फिरवायचे, कुणी जवळ आलं तर डब्यावर फडकं टाकायचे. काका रस्त्यावर उभं राहून सिनेमाची पोस्टरं बघायचे आणि घरी येऊन ती गुलाबी सावली कशातून झाली असेल याचा महिना महिना शोध घ्यायचे. "ज्या गोष्टीला दोन मिनिटं लागतात, त्यात माझी सहा वर्षं गेली," असं ते म्हणत.

म्हणूनच १९८५ साली, लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या वाटेवरच्या एका धर्मशाळेने त्यांना 'यहाँ थूकना मना है' लिहायला बोलावलं, तेव्हा ते व्यवस्थापकांना म्हणाले, "मजुरी नको. मे महिन्यातले रविवार तुमची ओसरी द्या."

"ओसरीचं काय करणार?"

"लोकांना रंग कालवून दाखवणार."

तेव्हापासून दर मे महिन्यात तिथे वर्ग भरायचे. शिकवणारे तिघे. काका तैलरंग आणि पाट्यांची अक्षरं शिकवत. भाऊसाहेब मुळे हे कालव्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले नकाशे काढणारे गृहस्थ, ते जलरंग शिकवत आणि एका रविवारी सगळ्यांना बसने बरुआसागरला नेऊन तळ्याकाठी बसवत. तिसरे हरप्रसाद चितेरे. इकडे लग्नघरांच्या दारांवर हत्ती, घोडे, कलश रंगवायची चाल आहे, त्याला चितेरी म्हणतात. हरप्रसादांच्या घरात ते काम पिढ्यानपिढ्या होतं. गेरू, खडू आणि खजुराच्या काडीचा चावून केलेला कुंचला, एवढंच त्यांचं सामान. शिकायला कोणीही यावं. जवानांच्या बायका यायच्या, रेल्वेतले लोक, एक शिंपी, पोस्टातला एक कारकून, शाळेतल्या मुली. १९८७ च्या मे महिन्यात मीही गेले. मला सरळ रेघ येत नव्हती. काका म्हणाले, "सरळ रेघेला पट्टी असते. तुम्ही वाकडी काढा."

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता जयसिंगांची पलटण श्रीलंकेला गेली. आम्ही बायका-मुलं मागे झाशीतच राहिलो. पत्रं छप्पन एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर जायची आणि कधी तीन आठवड्यांनी, कधी पाच आठवड्यांनी उत्तर यायचं. ते वर्ष मी कसं काढलं हे सांगण्यासारखं नाही. सगळ्यांच्या बायकांनी काढलं तसंच.

डिसेंबरात काकांचा खोकला वाढला. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, जेवण जात नव्हतं. शेवटी एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी टीबी सांगितला. काकू बाहेर चिठ्ठी लिहून घेत होत्या, काका एकटेच आत होते. डॉक्टरांनी टेबलावर गोळ्या मांडून एकेक समजावली. या गोळीने लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. आणि या गोळीने क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो. "धुंधला दिखे, या रंग फीके लगें, तो उसी दिन आ जाना. और दवाई बीच में छोड़ी, तो बीमारी दुगुनी होकर लौटेगी." वर्षभर औषध घ्यायचं होतं.

मोहल्ल्यात त्यांनी न्यूमोनिया सांगितला. टीबीचं नाव काढलं असतं तर कुणी दुकानाची पायरी चढलं नसतं. मला मात्र काकूंनी खरं सांगितलं, कारण दोन महिने संभाजीला त्यांच्याकडे आणू नये असं त्यांना सांगायचं होतं. सांगताना त्या मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या.

औषध लागू पडलं. फेब्रुवारीत खोकला थांबला, गालावर मांस आलं, सदरे पुन्हा अंगासरशी बसायला लागले. पुढे काय झालं ते काकांनी मला नंतर स्वतः सांगितलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की लघवी आता नारिंगी होत नाही, साधी पिवळट दिसते. त्यांना वाटलं, औषधाचा जोर कमी पडला. म्हणून ते वेळा आणखी काटेकोर पाळायला लागले. मग एका किराणा दुकानाची पाटी करताना लाल रंग मळका वाटला. ते डबा घेऊन रंगवाल्याकडे भांडायला गेले. त्याने दुसरा फोडला. तोही तसाच. तिसरा फोडला. रंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला, तेव्हा काका "असू द्या" म्हणून डबा उचलून घरी आले.

"डॉक्टरांचं सांगणं आठवलं नाही?" मी विचारलं होतं.

"आठवलं ना. तिथेच, दुकानात आठवलं. पण हेही आठवलं की औषध सोडलं तर रोग लौटतो. मला वाटलं, मी डोळ्यांचं सांगितलं की डॉक्टर सगळ्या गोळ्या बंद करणार. मग जीव जाणार. जीव राखावा की रंग, असं मी मनात तोलून बघितलं. जीव राखला. एकच गोळी बंद करून बाकीच्या चालू ठेवता येतात, हे मला काय मालूम?"

पाच-सहा आठवडे त्यांनी हे कुणालाही कळू दिलं नाही. डबे ठरलेल्या क्रमाने लावून ठेवले. ज्या डब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या फाटल्या होत्या तिथे काकूंना विचारायचे, "तो लाल दे गं जरा," आणि त्या देतील तो घ्यायचे. काकूंना वाटायचं, आजारपणाने आळसावलेत.

मे महिन्यातला तिसरा रविवार तैलरंगांचा होता. ओसरीवर तीसेक माणसं. एरचच्या बाजूला बेतवेच्या वाळूत होणारं एक मोठं कलिंगड आणलं होतं. काकांनी ते स्वतः कापलं आणि फळीवर एक फोड उभी, एक आडवी अशी मांडली. रंग कालवायच्या लाकडी पाटीवर रंग मी काढून ठेवले होते. दर वेळी काका काढायचे, त्या दिवशी मला उत्साह आला. मी फिकटाकडून गडदाकडे असे नीट ओळीने लावले. त्यांचा क्रम वेगळा असायचा हे माझ्या गावीही नव्हतं.

ते बोलता बोलता रंगवत होते. "फळाचा ओलावा पांढऱ्याने दाखवायचा नाही. पांढरा शेवटी, टिंबाएवढा." हात नेहमीसारखा सराईत. आकार हुबेहूब उतरला. फक्त गर हिरवट तपकिरी होत गेला आणि साल लाल. आधी कुणाला काही वाटलं नाही, लोकांना वाटलं खाली वेगळा थर देताहेत. मग शिंप्याला हसू आलं, त्याला थट्टा वाटली. पुढे बसलेली एक शाळकरी मुलगी म्हणाली, "मास्टरसाहब, ये तो सड़ गया."

काकांचा हात थांबला. त्यांनी कॅनव्हासकडे पाहिलं, मग फळीवरच्या कलिंगडाकडे, मग आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे. आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"कौन सा हिस्सा?"

तेव्हा आम्हाला कळलं. शिंप्याने मान खाली घातली.

काकांनी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्याने पुसला, हात पुसले. "आजचा बाकी वर्ग हरप्रसाद भैया घेतील," असं म्हणून ते उठले. हरप्रसाद लगेच उठले, भिंतीशी गेले आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "चलो, हाथी बनाते हैं. पहले पीठ."

काकू आणि मी काकांच्या मागोमाग बाहेर गेलो. तालाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, रंगवाल्याचे तीन डबे आणि सगळं. मला वाटलं काकू रडतील. त्या भडकल्या.

"इतके हफ्ते मला लाल डबा मागत होतात, आणि मी मुकाट देत होते! एकदा तरी तोंड उघडायचं!"

"तू घाबरली असतीस."

"मग घाबरले असते! घाबरून डॉक्टरकडे नेलं असतं की नाही?"

मी माझ्या रंगांच्या ओळीबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "बरं झालं. तुम्ही माझ्या क्रमाने लावले असते तर मी वर्षभर निभावून नेलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ते चांगलेच रागावले. "मैंने कहा था ना, उसी दिन आना!" त्यांनी ती एक गोळी तिथल्या तिथे काढून घेतली, बाकीच्या चालू ठेवल्या आणि औषधाची मुदत थोडी वाढवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके आणि त्यात लपलेला आकडा. पंधरा पानांपैकी काकांना पहिल्याच पानावरचा आकडा वाचता आला. तो तर सगळ्यांनाच वाचता येतो, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्या पानांवर त्यांना नुसते ठिपके दिसले. दृष्टी सुधारेल, पण किती आणि केव्हा हे सांगता येत नाही. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, किंवा इतकीच राहील.

टांग्यातून घराशी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "पिठाच्या गिरणीची पाटी उद्या द्यायची आहे."

"कशी देणार?"

"तुम्ही खडूने अक्षरं काढा. मी भरते."

गेली वीस वर्षं काकूंनी शिडी धरली होती, पण वर कधी चढल्या नव्हत्या. गिरणीची पाटी भिंतीवरच रंगवायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि चढल्या. तिसऱ्या पायरीवर त्यांनी शिडी दोन्ही हातांनी कवटाळली म्हणून काका म्हणाले, "उतर, उद्या बघू." त्या उतरल्या नाहीत. चौकातली माणसं उभी राहून बघायला लागली. बाई शिडीवर, पुरुष खाली.

"लोक बघताहेत," काका म्हणाले.

"बघू द्या. पाटी बघायलाच असते."

'आटा चक्की'तला 'क्की' जरा ओघळला. गिरणीवाल्याने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "चलेगा, भाभीजी." महिन्याभरात काकूंचा हात बसला. लोकांनी पाट्या द्यायचं थोडं कमी केलं, पण बंद केलं नाही. न्यूमोनियाची गोष्ट एव्हाना कुणालाच पटत नव्हती, आणि काकांनीही ती सांगायची सोडली. काही घरांनी त्यांना चहा विचारणं बंद केलं. एका दुकानदाराने त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवला. काका त्याच्याकडे पाणी पीत नसत, पाटी मात्र करून देत.

त्या पावसाळ्यात मी जायचे तेव्हा काका दुकानात पाठमोरे बसलेले असायचे, जुन्या पाट्या घासून कोऱ्या करत. एकदा मी विचारलं, कसं दिसतं? ते म्हणाले, "धुळीचं वादळ येऊन गेल्यावर दिसतं ना, तसं. पण पाणी मारलं तरी धुतलं जात नाही."

दसऱ्याच्या सुमाराला तिघे मास्तर धर्मशाळेत बसले. दिवाळीच्या सुट्टीतही वर्ग घ्यावेत असं व्यवस्थापकांनी सुचवलं होतं. मी चहा घेऊन गेले होते म्हणून बोलणं कानावर पडलं. भाऊसाहेब म्हणाले, "यज्ञेश्वर, तू विश्रांती घे. डोळे परत आले की तैलरंग सुरू करू."

"आणि नाही आले तर?"

भाऊसाहेब चष्मा पुसत राहिले.

"मी कोळसा शिकवतो," काका म्हणाले. "त्यात लाल-हिरवं काही नाही."

"तुला कोळसा येतो?"

"नाही. दिवाळीला अजून महिना आहे."

कोळसा त्यांनी घरीच केला. इकडे तुरीच्या वाळक्या काड्या जळणाला ठेवतात. त्यांतल्या सरळ काड्या निवडून, सोलून, पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवायच्या, झाकण मातीने लिंपायचं आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवायचा. पहिल्या वेळी सगळ्याची राख झाली. दुसऱ्या वेळी काड्या निम्म्याच जळल्या. चौथ्या वेळी डबा उघडला तर आत काळ्याभोर, हलक्या, टिचकीला खणखणणाऱ्या काड्या निघाल्या. काकूंची चूल महिनाभर त्यांच्या ताब्यात होती. "भाजी कधी करू?" असं त्या रोज ओरडायच्या.

पहिल्या वर्गाला सातच जण आले. लोकांना रंग हवे होते, काळा कोळसा कुणाला हवा? त्या सातांत मी होते. काकांनी मधोमध एक पितळी लोटा ठेवला, अर्धी खिडकी लावली आणि म्हणाले, "लोटा काढू नका. आधी अंधार कुठे आहे ते काढा." मला समजलं नाही. त्यांनी माझ्या शेजारी बसून बोटाने दाखवलं. लोट्याच्या पोटाखालचा अंधार गडद, पण अगदी काठाशी पुन्हा एक उजेडाची फिकट किनार होती, जमिनीवरून परतून आलेली. मी सव्वीस वर्षांची होते, रोज लोटे घासत होते आणि ती किनार मी कधी पाहिली नव्हती.

"तुम्हाला ही दिसली?" मी विचारलं.

"पूर्वी मलाही दिसायची नाही," ते म्हणाले. "रंग मध्ये यायचे."

हे बोलताना ते खूश होते असं नाही. त्यांनी जे होतं ते सांगितलं.

डिसेंबरात मी झोपलेल्या संभाजीचं चित्र काढलं. चार दुपारी लागल्या, कारण तो कूस बदलायचा. बरं जमलं होतं. ते जयसिंगांना पाठवायचं मनात होतं, पण कोळशाला हात लागला की पुसतो. मी ते काकांकडे नेलं. त्यांनी साय काढलेलं पातळ दूध आणखी पाणी घालून फडक्यातून गाळलं, अत्तरवाल्याकडून आणलेली फुंकनळी त्यात धरली आणि कागदावर फुंकर मारली. धुक्यासारखे थेंब बसले. वाळल्यावर त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. चित्र जागचं हललं नाही. "आता लंकेपर्यंत टिकेल," ते म्हणाले.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. जयसिंग पत्रात कधी चार ओळींपेक्षा जास्त लिहीत नसत. 'चित्र मिळाले. पोरगं लांबट झालं आहे. तंबूत आठ जण आहेत, सगळ्यांनी पाहिले. कानाचा आकार माझ्या बापासारखा आहे हे मला आधी कळले नव्हते.' ते पत्र मी काकांना वाचून दाखवलं. काकूंनी माझ्या हातातून पत्र घेऊन स्वतः पुन्हा एकदा वाचलं.

त्याच हिवाळ्यात काकांनी दुकानाबाहेर एक पाटी लावली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ती त्यांनी एकट्याने रंगवली. 'टी.बी. की दवाई खाते हो और रंग फीके या धुंधले दिखें, तो छुपाओ मत. उसी दिन डॉक्टर को बताओ. पूरी दवाई बंद नहीं होती.' खाली 'यज्ञेश आर्ट्स'. काकूंनी आधी विरोध केला. "आपणच आपल्या आजाराची पाटी लावायची?"

"सगळ्यांना मालूम आहेच. निदान कामाचं तरी मालूम होऊ दे."

पंधरा-वीस दिवसांनी सीपरी बाजाराकडची एक विडी वळणारी बाई आली. नाव रुक्मिणी. तिला वाचता येत नव्हतं, तिच्या नवऱ्याने पाटी वाचली होती. दुकानाच्या पायरीवर ती संकोचून उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, विडीचा लाल धागा मला दोन दिवसांपासून काळा दिसतो." काकांनी हातातलं काम टाकलं, दुकान तसंच उघडं सोडलं आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. तिची गोळी वेळेत बंद झाली. दोन महिन्यांत तिचे डोळे पहिल्यासारखे झाले. डॉक्टरांनी मग तसलीच पाटी दवाखान्यासाठी मागून घेतली. काका वर्गाच्या पहिल्या दिवशीही हे सांगायचे. लोक चित्रं शिकायला यायचे आणि आधी टीबीच्या गोळ्यांबद्दल ऐकायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "दोन मिनिटं लागतात."

त्यांचे स्वतःचे डोळे हळूहळू सुधारले. फेब्रुवारीत ठिपक्यांच्या पुस्तकातली चार पानं वाचता आली. जूनमध्ये सात. वर्षअखेरीला नऊ. पुढल्या तपासणीलाही नऊच आली. डॉक्टर म्हणाले, आता बहुतेक एवढंच. लाल परत आला, पण मळका. हिरव्यावर त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला नाही. टीबी मात्र पूर्ण बरा झाला. पाट्यांचे रंग काकूच भरत राहिल्या, आणि तैलरंगांच्या वर्गासाठी ग्वाल्हेरहून एका ओळखीच्या चित्रकाराला बोलावू लागले. तो शिकवत असताना काका मागच्या खांबाशी बसायचे. एकदा मी मागे वळून पाहिलं तर त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, कुंचला धरल्यासारखी. मी परत पुढे पाहिलं.

१९९० च्या वसंतात पलटण परत आली. जयसिंग मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी माझ्याबरोबर वर्गाला आले, ओसरीच्या कडेला उभे राहिले आणि काकांनी कागद पुढे केला तेव्हा म्हणाले, "मला नाही येणार, साहेब." काकांनी आग्रह केला नाही. नुसतं बसायला सांगितलं. ते दोन तास बसले. घरी परतताना म्हणाले, "तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. बरं वाटलं." पुढचे तीन रविवारही ते आले, आणि एकदाही चित्र काढलं नाही.

जूनमध्ये आमची बेळगावला बदली झाली.

मी परत झाशीला गेले ते १९९७ च्या मे महिन्यात, जवळच्या बबीन्याला एका लग्नाच्या निमित्ताने. धर्मशाळेच्या ओसरीवर जागा पुरत नव्हती म्हणून वर्ग अंगणातही पसरला होता. हरप्रसाद वारले होते, त्यांची सून भिंतीवर घोडा काढून दाखवत होती. कांताकाकू बारा-पंधरा बायकांना पाटीची अक्षरं शिकवत होत्या, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी शिडीवर चढून भिंतीवर लिहीत होत्या. कोळशाच्या वर्गात वीसेक माणसं. मधोमध काका, साठीचे, केस पांढरे, एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरशी सावली कोणत्या बाजूला पडते यावरून वाद घालत. ड्रायव्हरसाहेब हटायला तयार नव्हते. शेवटी काकांनी त्यांना उठवून आपल्या जागेवर बसवलं आणि आपण त्यांच्या जागेवर बसले. थोड्या वेळाने दोघंही हसायला लागले.

मी मागून हाक मारली, तशी मला त्यांनी आवाजावरूनच ओळखलं. "या, इंदिराजी. बसा. कागद घ्या." मी म्हणाले, सात वर्षांत काडी हातात धरलेली नाही. "मग उशीर कशाला?" मी काढलेल्या सुरईचा गळा वाकडा आला. त्यांनी पावाचा तुकडा दिला, कोळसा पुसायला.

२००३ च्या हिवाळ्यात काका गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. कांताकाकूंचं पोस्टकार्ड मला महिन्याने मिळालं. मराठी अक्षरं, पण पाटीवरच्यासारखी ठसठशीत, समान उंचीची, ओळ कुठे चढली नाही की उतरली नाही. काय झालं ते त्यांनी पाच ओळींत लिहिलं होतं. दुकानासमोर नव्या मशीनवर छापलेल्या पाट्यांचं दुकान निघालं आहे, पण भिंतीवर लिहायचं काम अजून मिळतं, असंही लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'वर्ग मे महिन्यात आहेत. ह्या साली कोळसा मीच शिकवणार आहे, बघू. यायचं असेल तर आधी कळवा, तेव्हा लग्नं फार असतात, धर्मशाळेत खोली मिळणं मुश्किल होतं.'